सनई थांबेपर्यंत सूर

बुवापाड्यातल्या धर्मराजने अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या निम्म्याशिम्म्या आयांना रडवलं होतं, आणि त्याबद्दल एकदा त्याचा जाहीर सत्कारही झाला होता. तो सनई वाजवायचा. एरवी एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभा असायचा. लग्नाचा हंगाम आला की रजा टाकायचा, फेटा चढवायचा आणि लोकांच्या मुली सासरी लावून द्यायचा. सकाळची सनई कुणीही वाजवली तरी चालून जाई. जेवणाच्या पंगतीत तर ती कुणी ऐकतही नसे. पाठवणीला मात्र धर्मराजच पाहिजे, असं या पट्ट्यात ठरून गेलं होतं. ‘आमच्याकडे रडारड नाही हां, मुलगी चांगल्या घरी चाललीय’ असं हॉलभर सांगत फिरणारा एखादा बाप दिसला, की धर्मराज सनईची पत्ती जिभेवर जरा जास्त वेळ भिजवायचा.

हे कसं होतं, याबद्दल लोकांची मतं होती. शेजारच्या वेणूबाईंच्या मते त्याच्या सनईत देवीचा वास होता. अंबरनाथ पश्चिमेच्या एका रिटायर्ड साहेबांनी त्याला रस्त्यात थांबवून समजावलं होतं, की रडू येणं हा मेंदूतल्या रसायनांचा प्रकार आहे, सनईचं त्यात विशेष काही नाही. पुढे त्यांच्या नातीच्या पाठवणीला त्यांची रसायनं अशी काही सुटली, की चौघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि लिंबूसरबत पाजलं.

धर्मराज स्वतः यात गुपित वगैरे मानत नसे. मुलगी आईच्या गळ्यात पडली की तो आईच्या खांद्याकडे बघायचा. खांदा वर गेला, म्हणजे बाईने श्वास घेतला. ती तो सोडत नाही तोवर सनईचा स्वर तिथेच धरून ठेवायचा. खांदा खाली आला की स्वर खाली आणायचा. बस. सकाळपासून त्या बाईला सगळ्यांनी नुसती घाई केलेली असते, भटजींनी, फोटोवाल्याने, व्याह्यांनी. दिवसभरात तिच्यासाठी थांबलेला पहिला माणूस सनईवाला. मग ती रडते. त्याच्या लेखी ही कारागिरी होती, डब्याला झाकण बसवण्यासारखी.

तो स्वतः कधी रडला नव्हता. त्यालाही त्याच्याकडे कारण होतं. रडायला ओठ सैल सोडावे लागतात, आणि सनई वाजवायला आवळावे लागतात. दोन्ही एकदम होत नाही.

त्याच्या पार्टीत चौघड्यावर दोघे जण होते, आणि सुरावर राजू. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिच्यातून एकच स्वर काढायचा आणि तो तुटू न देता धरून ठेवायचा. नाकाने श्वास आत घ्यायचा, गालातली हवा बाहेर सोडायची, आणि स्वर चालूच. आधी सूर लागतो. तो नीट बसला की मग त्यावर सनई येते. राजूचं अर्धं आयुष्य त्या एका स्वरावर गेलं होतं आणि त्याची काही तक्रार नव्हती. एकदा बदलापूरला ऐन पाठवणीत राजूच्या नाकावर माशी बसली आणि सूर तुटला. धर्मराजने तोंडातली सनई काढली आणि सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, “सनई थांबल्याशिवाय सूर थांबत नसतो. मी सनई थांबवणार, डावा हात वर करणार, मग तू.” आईच्या गळ्यात पडलेल्या नवरीने रडणं थांबवून हे सगळं ऐकून घेतलं. मग दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिनेही. त्यानंतर एका लग्नात मांडवाचा खांब कलला, माणसं पळाली, पण राजूने सूर सोडला नाही. धर्मराजचा हात वर झाला नव्हता ना.

चूक धर्मराजला सहनच होत नसे. गल्लीतल्या आरतीत कुणाचा टाळ मागे पडला तर तो खिडकीतून सांगायचा. देवळातल्या घंटेबद्दलही त्याचं मत होतं आणि ते त्याने पुजाऱ्याला ऐकवलं होतं. लोक हसण्यावारी न्यायचे, कारण तो बोलायचा ते बरोबर असायचं. बरोबर बोलणाऱ्या माणसावर दुसरा काही इलाजही नसतो.

त्याची मुलगी तेजस्वी. एकुलती एक. शाळेत असताना तिने एका सुट्टीत आपणहून घरातली जुनी सनई उचलली होती. फुंक काही तिला जमेना, म्हणून धर्मराजने आधी नुसती बोटं शिकवायला घेतली: सनई मांडीवर, बोटं भोकांवर, आवाज नाही. पाठवणीची सबंध धून तिला बोटांनी पाठ झाली. फक्त शेवटच्या ओळीत तिची अनामिका जरा आधी उचलली जायची. रोज उचलली जायची आणि रोज तो सांगायचा. एक दिवस तिने सनई परत कापडात गुंडाळून ठेवली आणि अभ्यास आहे म्हणाली. धर्मराजला वाटलं, अभ्यास वाढला असेल.

आता ती बदलापूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, म्हणजे रडणारी माणसं तिलाही रोजची होती. तिथेच रक्त तपासायला आलेल्या विनीतशी तिचं जमलं. मुलगा बदलापूरचा, ठाण्याला अकाउंट्समध्ये, निर्व्यसनी, बोलायला गोड. नाव ठेवायला जागा नव्हती, तरी धर्मराजने एकदा म्हणून बघितलं की शीळ बेसूर घालतो. अंजनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यावर नुसतं बघितलं. लग्न ठरलं.

तेजस्वीची अट एकच होती. पाठवणीला सनई नको.

“बदलापूर पुढचं स्टेशन आहे पप्पा,” ती म्हणाली. “रोज कामाला जातेच की तिकडे. त्यात रडायचं काय?”

धर्मराज म्हणाला की कल्याणहून दुसरी पार्टी बोलवता येईल, बरी वाजवतात, फक्त वरचा स्वर चढा लागतो त्यांचा.

“कुणाचीच नको. आणि तुमची तर नकोच. तुम्ही त्या दिवशी माझे पप्पा म्हणून उभे राहा. नुसते.”

तो बरं म्हणाला. उभं राहण्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

काय ते अंजनीने सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती आणि काड्या जरा जोरातच मोडत होती. म्हणाली, तेजू काय म्हणते ऐकायचंय का. लहानपणी तिला लग्नात न्यायचात. सगळ्या बायका रडायच्या, पुरुष रडायचे, घोड्यावाला रडायचा, आणि वाजवून झालं की तुम्ही जिलबी खायला बसायचात. “ती म्हणते, पप्पांना काही वाटतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणते, सनई नसली की ते काय करतात, ते मला एकदा बघायचंय.”

धर्मराज म्हणाला, वाजवलं की भूक लागते.

“ते मला नका सांगू,” अंजनी म्हणाली. “तिला सांगा.”

त्याने सांगितलं नाही. पण तेव्हापासून तो मागचं आठवून बघायला लागला. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. तिचं सगळं करून आला आणि गच्चीवर जाऊन सनई वाजवली. तेजस्वीला टायफॉइड झाला तेव्हा हॉस्पिटलातून घरी कपडे न्यायला आला तो गच्चीवरच गेला, आणि अर्धी बिल्डिंग जिन्यात बसून डोळे पुसत होती. त्याला वाटत नव्हतं असं नाही. फार वाटायचं. पण जे वाटायचं ते तो फुंकून मोकळा व्हायचा आणि त्याचं रडं दुसरेच कुणीतरी रडून टाकायचे. आता मुलगी सासरी चालली होती आणि त्याच्या हातात काही नसणार होतं. तो सगळ्या बुवापाड्यासमोर कोरडा ठणठणीत उभा राहील, तेजस्वी वळून एकदा बघेल, तिला जे वाटत आलंय ते खरं असल्याची तिची खात्री होईल, आणि ती गाडीत बसेल. पुढचं स्टेशन असो नाहीतर अमेरिका, मग काय फरक पडणार होता.

म्हणून त्याने तयारी सुरू केली. हळदीच्या जेवणाचे कांदे आपण चिरतो म्हणाला. पोतंभर चिरले. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यात बापाचं असं काही नव्हतं. मग एकदा कामावरून येताना चहाच्या टपरीवर त्याने राजूला विचारलं की तू रडतोस तेव्हा नेमकं काय करतोस. राजू जाहिराती बघूनही रडायचा, म्हणजे माणूस त्यातला जाणकार होता.

“काय नाय करत दादा,” राजू म्हणाला. “ते येतं.”

“कुठून येतं?”

राजूने खूप विचार केला. चहा निवला. शेवटी तो म्हणाला की ते त्याला माहीत नाही, त्याचं आपलं सुरापुरतं असतं. धर्मराज म्हणाला की त्या दिवशी तुला सूरही नाही, पाहुणा म्हणून ये, नीट जेव. राजू हो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा उतरला. सुराशिवाय लग्नात काय करतात, हे त्याला माहीत नव्हतं.

साउंडचं काम तेजस्वीने उल्हासनगरच्या सनीला दिलं होतं. सनी सिंधी, उमदा पोरगा, लग्नाची सगळी कामं पॅकेजमध्ये करायचा. तो हॉल बघायला आला तेव्हा धर्मराजही बरोबर गेला. सनीने स्पीकर कुठे, धुराचं मशीन कुठे, हे दाखवलं आणि मग मोबाइलवर पाठवणीचा ट्रॅक ऐकवला. खूप व्हायोलिनं होती.

“अंकल, टेन्शन नका घेऊ. पूरा इमोशनल आहे. चार मिनिट का ट्रॅक है, तीन मिनिटला तर पब्लिक रोतीच.”

धर्मराजने विचारलं, आणि चार मिनिटांत पाठवणी झाली नाही तर?

सनीला हा प्रश्न कळला नाही. त्याच्या मते चार मिनिटं पुष्कळ होती. धर्मराजने व्हायोलिनांपैकी एक जरा उतरलंय हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीला नुसतं उभं राहायचा शब्द दिला होता, तो या दिवसांत होईल तितका पाळत होता.

लग्न अंबरनाथ पश्चिमेच्या एका कार्यालयात झालं. दुपारचा मुहूर्त होता. सगळं यथास्थित पार पडलं. भटजींचा षड्ज जाग्यावर नव्हता, पण धर्मराज बोलला नाही. चौघडेवाले दोघे बायकापोरांसह आले होते आणि मनापासून जेवत होते. राजू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती. धर्मराजने पिशवीकडे बघितलं तसा राजू म्हणाला, “सवयीने आणली दादा. नुसती राहू दे खांद्याला.” राहू दिली.

चार वाजून गेल्यावर पाठवणीची वेळ झाली. तेजस्वीची ओटी भरली गेली. ती सगळ्यांच्या पाया पडली, पडताना प्रत्येकाला हसून म्हणाली की पुढचं स्टेशन आहे, आणि सगळे हसले. वेणूबाईंनी घरून मोठा रुमाल आणला होता, तो त्यांना परत पिशवीत ठेवावा लागला. कार्यालयाच्या दाराशी मोगऱ्याच्या माळा लावलेली गाडी उभी होती. सनीने लांबून अंगठा दाखवला आणि व्हायोलिनं सुरू केली.

ती सुरू झाली तेव्हा लक्षात आलं, की गाडीच्या चाकाखाली ठेवायचा नारळ नाही. नारळाशिवाय गाडी हलवायची नाही, असं विनीतच्या मामांचं म्हणणं पडलं. ते स्वतःच स्वयंपाकघराकडे गेले. तिथले नारळ सगळे फोडून झाले होते. मग कुणाला तरी बाहेर दुकानात पिटाळलं. तोवर तेजस्वी उंबऱ्याच्या आत उभी, अंजनी तिच्या शेजारी, आणि धर्मराज समोर, हात बाजूला सोडून. व्हायोलिनं आपली वाजत होती. एकदा खूप वर गेली, तेव्हा सनीने डोळ्यांनी खूण केली की आता. पण आता काहीच नव्हतं, मामा नारळ शोधत होते. वर गेलेली व्हायोलिनं कुणासाठी न थांबता खाली आली, आणि ट्रॅक संपला. त्याच्या शेवटी रेकॉर्ड केलेल्या एका बाईने सनीच्या पॅकेजचा फोन नंबर सांगितला, आणि तीही थांबली.

कार्यालयात शांतता झाली. बाहेर रिक्षा, आत पातेली घासल्याचा आवाज. तेजस्वीने बापाकडे बघितलं.

धर्मराजला कळलं की हीच ती वेळ. त्याने आतून जोर लावून बघितला, कांद्याची आठवण काढून बघितली, काही होईना. चेहरा दगडासारखा. हात कुठे ठेवावेत तेही कळेना, म्हणून त्याने दोन्ही हातांनी तेजस्वीचा उजवा हात धरला, हिरव्या चुड्याच्या जरा वर. तिने तो धरू दिला. ती अजून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते रागाचं नव्हतं. ती नुसती ठरवून टाकत होती. मामांनी दारातून ओरडून सांगितलं की नारळ मिळाला. तेजस्वीने मान फिरवली, पदर सावरला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

आणि मागून सूर लागला.

राजूने तो मुद्दाम लावला नव्हता. नवरीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की सूर लावायचा, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की पिशवीतून सूर कधी बाहेर आला आणि ओठाला कधी लागला, ते त्यालाही कळलं नाही. एकच स्वर, सरळ, बारीक. तो बसला, आणि राजू सनईची वाट बघू लागला. सनई आली नाही. तेव्हा राजूच्या लक्षात आलं की काय होऊन बसलंय, आणि तो घाबरला. पण थांबता येईना. सनई थांबल्याशिवाय सूर थांबवायचा नव्हता, आणि सनई सुरूच झाली नव्हती, तर थांबणार कशी. घामाघूम होऊन, डोळे विस्फारून, तो सूर धरून उभा राहिला.

सगळ्यांत आधी वेणूबाई रडायला लागल्या. त्यांनी हा सूर आपल्या मुलींच्या पाठवणीला ऐकला होता, आणि त्यानंतर काय येतं ते त्यांना माहीत होतं. ते आलं नाही, तरी त्यांना ऐकू आलं. मग चौघडेवाल्यांच्या बायका. मग पश्चिमेचे ते रिटायर्ड साहेब, ते आपणहून खुर्चीत बसले. धून कुणी वाजवत नव्हतं, आणि कार्यालयातला जो तो ती ऐकत होता, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या घरातली. सनी अंजनीजवळ आला आणि हळूच म्हणाला, “आंटी, दुसरा ट्रॅक लावू?” अंजनीने हात करून त्याला थांबवलं. तो थांबला, आणि थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

धर्मराजने सवयीने मुलीच्या आईचा खांदा शोधला. आजवर शेकडो खांदे बघितले होते. अंजनीचा खांदा वर गेला होता आणि वरच राहिला होता. ती श्वास धरून उभी होती. तो खाली आणायचा म्हणजे स्वर खाली आणायला हवा, आणि ते काम ज्याचं होतं तो रिकाम्या तोंडाने समोर उभा होता.

त्याची बोटं हलायला लागली. त्याने हलवली नाहीत. दोन्ही हातांत मुलीचा हात अजून धरलेला होता, सनई धरतात तसाच, आणि बोटं आपली आपण त्यावर उचलायला आणि टेकायला लागली. चुडा किणकिणला. तेजस्वीने दचकून खाली बघितलं. मग तिने बघायचं सोडून दिलं आणि डोळे मिटले, कारण ती धून तिला बोटांनीच पाठ होती. पहिली ओळ आली. दुसरी आली. दुसरीच्या शेवटी जिथे थांबायचं असतं तिथे बोटं थांबली, अंजनीकडे बघून थांबली, आणि अंजनीचा खांदा खाली आला. ती रडायला लागली, मोठ्याने, गावाकडच्या बायका रडतात तशी.

धर्मराजला वाटलं आपल्याला घाम आलाय. तो मिशीवरून ओठावर आला तेव्हा खारट लागला. ओठ आवळून धरायला गेला, पण आवळायला मध्ये काही नव्हतं. ते सैल पडले ते पडलेच. हनुवटी हलायला लागली. मग त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की तो ना षड्ज होता ना पंचम, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्याचा हिशेब लावला नाही. शेवटच्या ओळीपाशी बोटं अडली आणि पुढे जाईनात. तो मुलीचा हात धरून नुसता रडत उभा राहिला, लहान पोर जत्रेत हरवल्यावर रडतं तसा. बुवापाडा बघत होता. बघू दे.

“पप्पा,” तेजस्वी म्हणाली.

त्याने मान वर केली.

“पप्पा, शेवटची ओळ राहिली.”

त्याने मान हलवली. नाही जमणार, असं.

तिने आपला हात सोडवून घेतला, त्याचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं, मेंदीची बोटं त्यावर टेकवली, आणि मागे राजूचा सूर चालू होता त्यावर ती शेवटची ओळ पुरी केली. हळूहळू, आठवून आठवून. पुरी झाल्यावर ती क्षणभर तशीच थांबली, त्याच्या तोंडाकडे बघत. शाळेत असताना थांबायची, अगदी तशीच.

धर्मराजने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती रडली. काजळ गालावर आलं, फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला, विनीतने खिशातून रुमाल काढला आणि काय करावं न सुचून आपलेच डोळे पुसले. ती गाडीत बसली. मामांनी चाकाखाली नारळ ठेवला, गाडी त्यावरून गेली, आणि मोगऱ्याच्या माळा बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत राहिल्या. सूर चालूच होता. राजूचा चेहरा जांभळा पडला होता. धर्मराजला त्याची आठवण झाली, आणि त्याने डावा हात वर केला.

लोक पांगले. अंजनी तोंड धुवायला गेली. आचाऱ्याने दोन बश्यांत जिलबी आणून ठेवली आणि धर्मराज आणि राजू पायरीवर बसले, पण खाल्ली कुणी नाही. राजू सुराची पत्ती पुसत होता आणि बोलणी बसायची वाट बघत होता. वाजवायचं नाही असं सांगितलेलं असताना वाजवलं होतं. आजवर त्याला याहून लहान चुकांबद्दल याहून मोठ्या लग्नांत सुनावलं गेलं होतं. शेवटी न राहवून त्यानेच विचारलं, की दादा, रागावलात का.

“तेजूची अनामिका आधी उचलली गेली,” धर्मराज म्हणाला. “शेवटच्या ओळीत. अजून तिथेच चुकते.”

राजूने मान डोलावली. “मग? सांगितलंत तिला?”

“नाही,” धर्मराज म्हणाला.

राजूने सूर पिशवीत ठेवला, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग तो रडायला लागला.